गाईंनी नाकारलेलं पाणी

ओळख पाहू! दिसायला बारीक खडीसाखर. नाव मिठाचं. आणि चव? थेट कारल्याची!

नाही सुचत? अरे, आजीचे पाय दुखायला लागले की आई टबातल्या कोमट पाण्यात मूठभर टाकते ना, तेच! एप्सम सॉल्ट!

आता हा एप्सम कोण? कुणी साहेब? छे! ते इंग्लंडमधलं एक गाव. गोष्ट अशी सांगतात, की १६१८ साली तिथे कडक उन्हाळा होता. हेन्री विकर नावाच्या गुराख्याला माळावर एक डबकं सापडलं. गाई तर तहानेनं व्याकूळ! त्यांनी पाण्याला तोंड लावलं आणि लगेच मान फिरवली. इतकं ते कडू!

आणि पुढे काय झालं असेल? गाईंनी नाकारलेलं तेच पाणी औषध म्हणून प्यायला थेट लंडनहून माणसं यायला लागली! १६९५ साली नेहेमाया ग्रू या डॉक्टरांनी त्या पाण्यातल्या कडू मिठावर अख्खं पुस्तकच लिहिलं.

पण खरी जादू पुढेच आहे. या मिठाचा खडा हातात घे. कोरडा ठणठणीत, हो ना? तर ऐक, १०० ग्रॅम खड्यांत ५१ ग्रॅम चक्क पाणी असतं! बोट मात्र जराही ओलं होत नाही. या मिठाचं शाळेतलं नाव मॅग्नेशियम सल्फेट. त्याच्या एकेका कणाबरोबर पाण्याचे सात कण पक्के बसलेले असतात, एका बाकावर दाटीवाटीनं बसलेल्या मुलांसारखे!

मग एवढं गमतीचं मीठ चाखून बघायचं का? अजिबात नाही!

आईनं कैरीच्या फोडींना मीठ लावलं की थोड्या वेळानं वाटीत पाणी सुटतं, पाहिलंयस ना? हे मीठ पोटात गेलं की तसंच काहीसं होतं. ते आतड्यात पाणी ओढून घेतं आणि मग पळा संडासाकडे! म्हणून तर डॉक्टर ते जुलाबाचं औषध म्हणून मोजून देतात. जास्त पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. मूत्रपिंडं अधू असतील तर धोका आणखी मोठा.

मग पायांना कसं चालतं? कारण कातडी म्हणजे आपला रेनकोट! त्यातून फारसं काही आत शिरत नाही. पण रेनकोट फाटला, म्हणजे खरचटलेलं असलं, की झोंबतं. डोळ्यांतही जाऊ देऊ नकोस. आजीला मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. मधुमेहानं पाय बधिर झाले असले तर पाणी किती कढत आहे ते तिला कळतच नाही!

हेच मीठ शेतकरी पिकांनाही देतात बरं का! पण ती खताची गोणी अंघोळीसाठी नाही.

आमच्या घरी एकदा याची बरणी साखरेच्या बरणीशेजारी बसली होती. चहा कडू झाला आणि सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी!

तुमच्या घरात ही बरणी कुठे आहे? आजच शोध. स्वयंपाकघरात असेल तर मोठ्या माणसांना तिथून हलवायला सांग आणि ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटव: ‘पायांसाठी. पोटासाठी नाही!’