मुंबई महानगरपालिका निवडणूक, १९८५

बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या १७० जागांसाठी एप्रिल १९८५ मध्ये झालेली सार्वत्रिक निवडणूक. तीत शिवसेनेने ७४ जागा मिळविल्या व ती सभागृहातील सर्वांत मोठा पक्ष ठरली. छगन भुजबळ महापौर झाले.

हा निकाल अनपेक्षित होता. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने १९६८ च्या महापालिका निवडणुकीत १४० पैकी ४२ जागा जिंकल्या होत्या. मात्र आणीबाणीला दिलेल्या पाठिंब्यानंतर, १९७८ च्या जनता लाटेत हे बळ २१ वर आले. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत तिचे उमेदवार पराभूत झाले आणि मार्च १९८५ च्या विधानसभा निवडणुकीत भुजबळ हे एकमेव आमदार निवडून आले. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत मतदारांनी दिलेला कौल हा केवळ नागरी सोयींवरील अभिप्राय मानता येत नाही.

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. संप फसल्याने गिरणगावातील मराठी कुटुंबांच्या उपजीविकेचा आधारच ढासळला. अशा अस्वस्थ वातावरणात मुंबई महाराष्ट्रापासून अलग करण्याचा केंद्राचा विचार आहे, अशा अर्थाचे विधान मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी केले. १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याच्या घोषणेविरुद्ध झालेल्या आंदोलनात शंभराहून अधिक व्यक्तींनी प्राण गमावले होते. ती स्मृती तीन दशकांनंतरही ताजी होती. शिवसेनेने हाच प्रश्न प्रचाराच्या केंद्रस्थानी आणला. स्वपक्षाच्या मुख्यमंत्र्यांचेच विधान काँग्रेसला महागात पडले. त्यामागे मुंबईतील पक्षनेतृत्वाशी असलेला अंतर्गत संघर्ष होता, असे काही अभ्यासक मानतात. वस्तुतः शहराचे राज्यातील स्थान ठरविण्याचा कोणताही अधिकार महापालिकेला नाही. तरीही मत त्याच प्रश्नावर मागितले गेले आणि दिलेही गेले.

७४ जागा म्हणजे स्पष्ट बहुमत नव्हे; त्यासाठी ८६ जागांची आवश्यकता होती. शिवाय १८८८ च्या अधिनियमानुसार कार्यकारी सत्ता राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे असते. महापौरपद प्रामुख्याने मानाचे असून त्या काळी त्याची मुदत एकच वर्ष होती. खरी पकड येते ती वैधानिक समित्यांतून. स्थायी समितीकडून अर्थसंकल्प व मोठी कंत्राटे संमत व्हावी लागतात, तर शाळांचा व बेस्ट उपक्रमाचा कारभारही अशाच समित्यांच्या देखरेखीखाली चालतो. नगरसेवक हा नळजोडणीपासून शाळाप्रवेशापर्यंतच्या कामांसाठी नागरिकाला सर्वांत जवळचा लोकप्रतिनिधी. शाखांच्या जाळ्यावर उभ्या असलेल्या संघटनेला या पदाचा उपयोग इतर पक्षांपेक्षा अधिक झाला, हे नोंदविण्यासारखे आहे.

मुंबई-ठाण्यापुरता मर्यादित मानला गेलेला हा पक्ष याच यशानंतर राज्यभर विस्तारू लागला. १९८८ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) महानगरपालिकेत त्याने मुसंडी मारली. दरम्यान प्रचाराचा भर मराठी अस्मितेकडून हिंदुत्वाकडे सरकत होता. डिसेंबर १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू विजयी झाले. धर्माच्या आधारे मते मागितल्याबद्दल ही निवड पुढे न्यायालयाने रद्द ठरविली. भारतीय जनता पक्षाशी १९८९ मध्ये युती झाल्यानंतर विधानसभेत शिवसेनेचे १९९० मध्ये ५२ व १९९५ मध्ये ७३ सदस्य निवडून आले, आणि १९९५ मध्ये मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. जोशी हे १९७६ मध्ये मुंबईचे महापौर होते.

महापालिकेतील सत्ता मात्र अखंड राहिली नाही. १९९२ च्या निवडणुकीत ती काँग्रेसकडे गेली. १९९७ च्या निवडणुकीने ती पुन्हा शिवसेनेकडे आली आणि मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक नेमला जाईपर्यंत महापौरपद त्याच पक्षाकडे होते.