कुत्र्याला परदेशी न्यायचं, तर घड्याळ घरीच सुरू करा

(अकोल्यात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आहेत.)

दवाखान्यात हल्ली एक प्रसंग वारंवार घडतो. नवरा-बायको येतात, सोबत चांगला पाळलेला, गळ्यात पट्टा असलेला कुत्रा असतो. म्हणतात, "साहेब, व्हिसा आला, तिकिटं बी निघाले, पुढच्या महिन्यात जर्मनीले जाणं आहे. याचे कागद करून द्या न." मी विचारतो, चिप बसवली? नाही. लस? "लस तं दरवर्षी देतो न आम्ही!" मग मला जे सांगावं लागतं ते ऐकून बाईंच्या डोळ्यात पाणी येतं. माणसांचे कागद झालेले असतात, कुत्र्याचे व्हायला अजून किमान चार महिने हवे असतात. ते विमानात बसतात आणि कुत्रा अमरावतीला आजोबांकडे राहतो. कधी मागून जातो, कधी जातच नाही.

हे चार महिने का लागतात, तेच आज सांगायचं आहे. कारण कळलं की क्रम आपोआप लक्षात राहतो. नियम नुसते पाठ केले तर कुठेतरी एक दिवस चुकतो, आणि या प्रकारात एका दिवसाला फार किंमत आहे.

क्वारंटाईन हा शब्द आपल्याला २०२० साली कळला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला तेव्हा तो पुरता पाठ झाला. शब्द जुना आहे. इटालियन भाषेत चाळीसला 'क्वारांता' म्हणतात. प्लेगच्या काळात व्हेनिसला जहाजं चाळीस दिवस बाहेर थांबवायचे, त्यावरून तो आला. कल्पना साधी आहे: आजार आत लपलेला असेल तर थांबा, तो स्वतःहून दिसेल. कुत्र्यामांजरांच्या बाबतीत लपलेला आजार म्हणजे रेबीज, आपण ज्याला पिसाळणं म्हणतो. आपल्या देशात तो आहे आणि तो मुख्यतः कुत्र्यांमुळेच पसरतो. ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथल्या कुत्र्यांत तो नाही. ते देश आपल्या कुत्र्याकडे संशयाने पाहतात ते उगाच नाही.

ब्रिटनमध्ये पूर्वी सरळ हिशेब होता. बाहेरून आलेलं कुत्रं सहा महिने सरकारमान्य पिंजऱ्यात. मालकाने आठवड्याला जाऊन जाळीतून भेटायचं. बरं, तेवढ्यानेही पूर्ण खात्री मिळत नव्हती. १९६९ साली कॅंबर्ली गावात, सहा महिन्यांचं क्वारंटाईन पूर्ण करून घरी आलेल्या एका कुत्र्याला थोड्याच दिवसांत रेबीज झाला. नुसता वेळ मोजणं पुरत नाही, हे तेव्हा लख्ख दिसलं. पुढे लस, चिप आणि रक्ततपासणी या तीन गोष्टी हाताशी आल्या आणि २००० साली ब्रिटनने काही देशांसाठी पिंजऱ्याऐवजी कागदांची योजना आणली. २०१२ पासून तिथले नियम युरोपच्या नियमांशी जुळवले गेले आणि भारतासारख्या देशांतून येणाऱ्या प्राण्यांनाही तो मार्ग खुला झाला.

म्हणजे क्वारंटाईन संपलं का? नाही. ते तुमच्या घरी आलं. थांबायचं तर आहेच. फक्त तिकडच्या पिंजऱ्यात थांबण्याऐवजी कुत्रा तुमच्या ओसरीवर थांबतो. हे ज्याने ओळखलं त्याचं काम निम्मं झालं.

आता क्रम पाहा. उदाहरणाला युरोप घेतो, कारण जर्मनी-नेदरलँडला जाणारी आपली पोरं बरीच आहेत.

आधी चिप. तांदळाच्या दाण्याएवढी, मानेमागे कातडीखाली सुईने बसवतात. आत पंधरा आकडी नंबर असतो, यंत्र फिरवलं की दिसतो. तिच्यात बॅटरी नाही आणि ती कुत्रा कुठे आहे ते सांगत नाही. पुष्कळांचा हा गैरसमज असतो. चिप आंतरराष्ट्रीय मानकाची, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ची, आहे ना, हे आधी विचारा. नाहीतर तिकडच्या यंत्राला ती वाचता येणार नाही.

मग लस. चिपच्या नंतर, फार तर त्याच दिवशी, पण आधी चिप आणि मग सुई. हे एवढं ताणून का सांगतो? कारण कागदावर लस 'मोत्या'ला दिली असं लिहून चालत नाही. ती 'या नंबरच्या प्राण्याला' दिली असं लिहावं लागतं. चिपच्या आधी दिलेली लस कुत्र्याच्या शरीरात काम करतेच, पण कागदावर ती शून्य. दर ६ जुलैला, जागतिक प्राणिजन्य रोग दिनी, मोफत लसीकरण शिबिरं होतात. तिथे जरूर जा. पण परदेशी न्यायचं असेल तर चिप नंबर, लसीच्या बाटलीवरचं स्टिकर, बॅच नंबर, तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, हे सगळं कार्डावर आहे ना, ते तिथेच उभं राहून पाहा. शिवाय पिल्लू किमान १२ आठवड्यांचं हवं.

तिसरी गोष्ट रक्त. लसीनंतर किमान ३० दिवस जाऊ द्यायचे आणि मग रक्त काढायचं. त्यातलं सिरम, म्हणजे रक्तातलं वरचं पिवळसर पाणी, वेगळं करून थंड डब्यातून प्रयोगशाळेला पाठवतात. कुठलीही प्रयोगशाळा चालत नाही. ज्या देशात जायचं त्या देशाच्या मान्य यादीतलीच हवी, आणि यादी पाहिल्याशिवाय रक्त काढायचं नाही. तिथे काय करतात? सिरमचं थोडं थोडं पातळ द्रावण करत जातात, त्यात रेबीजचा जिवंत विषाणू मिसळतात आणि ते पेशींवर ठेवतात. पेशी वाचल्या तर सिरममधल्या प्रतिपिंडांनी विषाणूला रोखलं असं समजायचं. किती पातळ केल्यावरही रोखलं, त्यावरून आकडा निघतो. तो प्रति मिलिलीटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त हवा.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. आयुष्यात पहिल्यांदाच लस घेतलेल्या कुत्र्यात प्रतिपिंडं चार-सहा आठवड्यांत वर चढतात आणि मग उतरू लागतात. सहा महिन्यांनी रक्त काढलं तर आकडा ०.५च्या खाली येऊ शकतो. कुत्रा सुरक्षित असला तरी परीक्षेत नापास. पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस, पुन्हा खर्च. म्हणून तरुण कुत्र्याला मी दोन डोस देऊन मगच रक्त काढतो. नियमात एकच पुरतो, पण मला नापास होणं परवडत नाही.

आणि चौथं, थांबणं. रक्त काढल्याच्या तारखेपासून पूर्ण तीन महिने. रिपोर्टच्या तारखेपासून नाही, रक्ताच्या तारखेपासून.

लोक विचारतात, आकडा चांगला आला, मग आता कशाला थांबायचं? प्रश्न रास्त आहे. समजा लस अंगी लागायच्या आधीच रस्त्यावरचं पिसाळलेलं कुत्रं याला चावलं होतं. विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्या वाटेवर असताना तो रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. लसीमुळे प्रतिपिंडं तयार झाली, आकडा उत्तम आला, तरी आत तो असू शकतो. तो बहुधा तीन आठवडे ते तीन महिन्यांत बाहेर पडतो, क्वचित त्याहून उशिरा. तपासणी सांगते की लस लागली. आधी काही शिरलेलं नव्हतं, हे फक्त वेळ सांगतो. म्हणून दोन्ही लागतात.

तारखा मांडू. १ जानेवारीला चिप आणि लस. ५ फेब्रुवारीला रक्त. ५ मेपर्यंत थांबायचं. आणि मे महिन्यात अकोल्यात काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. (हशा) ४५च्या पुढे पारा गेला की बऱ्याच विमान कंपन्या प्राणी घ्यायलाच नकार देतात. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना तर अनेक जण कधीच घेत नाहीत. उष्म्यात त्यांचा श्वास कोंडतो. त्यापेक्षा पोळ्याच्या सुमारास सुरुवात करा. संक्रांतीच्या आगेमागे, थंडीत, कुत्रा आरामात जाईल.

या तीन महिन्यांत रिकामं बसायचं नाही. पेटी आणा. कुत्रा आत ताठ उभा राहिला तर कान छताला लागू नयेत, त्याला वळता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे. पहिल्या दिवशी दार लावू नका. दूध-भाकर आत ठेवा, त्याचं जुनं पांघरूण आत टाका. महिन्याभरात तो स्वतःहून आत जाऊन झोपतो. प्रवासाच्या दिवशी झोपेचं औषध द्या म्हणून लोक गळ घालतात. मी देत नाही. उंचीवर रक्तदाब आणि श्वास बिघडतो, आणि गुंगीतला प्राणी विमान कंपनीही घेत नाही.

शेवटचे दहा दिवस धावपळीचे. केंद्र सरकारच्या पशु क्वारंटाईन खात्याची केंद्रं मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, बंगळुरूला आहेत. वऱ्हाडातून बहुतेकांना मुंबई सोयीची. तिथे प्राणी प्रत्यक्ष दाखवून निर्यातीचं आरोग्य प्रमाणपत्र घ्यावं लागतं. युरोपचं प्रमाणपत्र दिल्यापासून दहा दिवसांच्या आत तिथे पोचावं लागतं. मालकही त्याच सुमारास, पाच दिवसांच्या अंतरात, प्रवास करणारा हवा. रेल्वेने न्यायचं तर एसी फर्स्टमध्ये पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावे असावं लागतं, नाहीतर कुत्रा गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातो. अकोला-मुंबई साधारण ५८० किलोमीटर, रात्रभराचा प्रवास. परदेशी जाणाऱ्या कुत्र्याला त्या पेटीत घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन दिवस आधी निघा, मोटारीने रात्री जा.

आता बाकीचे देश. ब्रिटनचा क्रम असाच आहे, पण प्राणी कार्गो म्हणूनच जातो. शिवाय कुत्र्याला पोचण्याच्या २४ ते १२० तास आधी पट्टकृमीचं औषध डॉक्टरांच्या हातून देऊन तारीख आणि वेळ लिहून घ्यावी लागते. ते काम मुंबईतच करावं लागतं. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले. भारतातून जाणारं कुत्रं किमान सहा महिन्यांचं हवं, चिप हवी, फॉर्मवर सरकारी पशुवैद्यकाची सही हवी, आणि ठरलेल्या मोजक्या विमानतळांवरच उतरता येतं. रक्त पहिल्या लसीनंतर ३० दिवसांनी आणि पोचण्याच्या किमान २८ दिवस आधी काढलेलं असावं. तपासणी केली नसेल तर तिथे २८ दिवस क्वारंटाईन, स्वखर्चाने.

जपानचं गणित सगळ्यात बोलकं आहे. चिप, दोन लसी, रक्त आणि मग १८० दिवस. हे दिवस इथे काढले तर तिथे तपासणी करून प्राणी ताब्यात देतात. घाई करून आधी गेलात तर उरलेले दिवस त्यांच्या पिंजऱ्यात. दिवस तेवढेच, जागा फक्त बदलते.

ऑस्ट्रेलिया मात्र भारतातून थेट प्राणी घेतच नाही. आधी त्यांनी मान्य केलेल्या तिसऱ्या देशात न्यायचं, तिथे तयारी करायची, आणि मग मेलबर्नजवळ मिकलहॅमच्या केंद्रात १० किंवा ३० दिवस. हे नियम कुणासाठी वाकत नाहीत. २०१५ साली हॉलिवूडचा जॉनी डेप खासगी विमानातून दोन छोटी कुत्री न सांगता घेऊन गेला. सरकारने सांगितलं, परत पाठवा, नाहीतर मारावी लागतील. कुत्री परत गेली आणि त्याच्या बायकोवर खटला चालला.

प्रश्न: आमचं कुत्रं गावठी आहे, त्याला नेता येतं का?

अगदी येतं. जातीच्या रकान्यात मिश्र जात लिहायचं. अडचण उलट बाजूने येते. ब्रिटनमध्ये पिटबुल, एक्सएल बुली अशा काही जातींना बंदी आहे. आपला गावठी त्यात बसत नाही. तो निरोगी असतो, नाक लांब असतं, विमानात त्याला त्रास कमी. मांजराचंही विचारून ठेवतो म्हणून सांगतो: युरोपसाठी तिलाही हाच क्रम लागतो.

प्रश्न: आमची कुत्री बारा वर्षांची आहे. मुलगा म्युनिकला बोलावतो, पण आमचं अजून नक्की नाही. तिला न्यावं का?

तिचं हृदय आणि किडनी तपासल्याशिवाय सांगणार नाही. दोन्ही बरं असेल तर हिवाळ्यात थेट विमानाने नेता येईल. नसेल तर तिला तिच्या ओळखीच्या अंगणात, ओळखीच्या माणसाजवळ ठेवा. त्यात तुम्ही तिला फसवत नाही. पण ठरलेलं नाही म्हणून थांबू नका. आताच चिप बसवा, लस द्या, रक्त पाठवून ठेवा. युरोपच्या नियमात एकदा पास झालेली तपासणी प्राण्याच्या आयुष्यभर चालते. अट एकच, पुढचा प्रत्येक बूस्टर आधीच्या लसीची मुदत संपायच्या आत दिलेला हवा. एक दिवस उशीर झाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा कार्डावरची पुढची तारीख घरच्या कालनिर्णयवर आज रात्रीच लिहून ठेवा, आणि त्या तारखेच्या आठ दिवस आधी दवाखान्यात या.