विरार लोकलमधला सातवा महिना

नालासोपारा स्टेशन, सकाळचे सात. समोर चर्चगेट फास्ट उभी आहे, पण सातवा महिना लागलेली एक मुलगी तिच्याकडे बघतही नाही. ती उलट विरारला जाणारी गाडी पकडते, कारण तीच गाडी फिरून चर्चगेटला निघते आणि आत बसलेल्याला उठावं लागत नाही. वीस मिनिटं जास्त जातात, जाऊ देत. पन्नासहून जास्त किलोमीटर उभ्याने काढण्यापेक्षा बरं. गरोदर बाईला दिव्यांगांच्या डब्यात चढायची मुभा आहे, हे तिला ठाऊक आहे. "पण मॅडम, बायकांच्या डब्यात माझा ग्रुप आहे," ती म्हणते. मटार सोलत बसलेल्या काकू तिला धक्का लागू देत नाहीत.

शनिवारी ती वसईत माझ्या योगवर्गाला येते. पहिल्या दिवशीचं तिचं वाक्य होतं, "आसनं नंतर शिकवा, आधी ही कंबर बघा."

प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते आणि त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. रजा बाळासाठी राखून ठेवायची म्हणून आमच्याकडच्या पुष्कळ मुली आठवा महिना संपेपर्यंत गाडीत असतात. त्यामुळे वसई-विरारमध्ये गरोदरपणातला योग शिकवताना आधी फलाटाचा जिना, बाकडं आणि डब्यातला दांडा डोळ्यांपुढे आणावा लागतो.

कंबर का दुखते? रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक सांधे बांधून ठेवणारे पट्टे सैल करतं, म्हणजे बाळाला वाट मिळेल. त्यात पोटाचा भार पुढे येतो, तोल सांभाळायला बाई मागे रेलते आणि कंबरेची कमान खोल होते. यावर मी सगळ्यात आधी मार्जारासन घेते. दुमडलेली गोधडी गुडघ्यांखाली, हात खांद्यांच्या रेषेत, मांजरासारखी पाठ हळूहळू गोल करायची आणि परत सरळ आणायची. खाली वाकवून झोळ पाडायचा नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा ती मुलगी बराच वेळ तशीच राहिली. मग म्हणाली, "पोट कुणीतरी थोडा वेळ धरल्यासारखं वाटतंय."

बद्धकोनासन आणि पायांत अंतर ठेवून उकिडवं बसणं, ही तर आपल्याच घरातली आसनं. अर्नाळ्याच्या बाजारात मासे साफ करणारी आजी अजूनही तासन्‌तास उकिडवी बसते. फ्लॅटमध्ये ओटा आला, विळी गेली, कमोड आला, आणि मांड्यांचं, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं रोजचं काम बंद पडलं. तेच आता आम्ही फी घेऊन शिकवतो! अर्थात वार खाली असेल किंवा शेवटच्या आठवड्यांत बाळ पायाळू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोल उकिडवं बसायचं नाही.

स्त्रियांच्या योगाचा विचार आपल्या भागात नवा नाही. याच रेल्वेमार्गावर सांताक्रूझला द योग इन्स्टिट्यूट आहे. ती १९१८ मध्ये योगेंद्रजींनी स्थापन केली. त्यांच्या पत्नी सीतादेवींनी खास स्त्रियांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं. पुण्याच्या गीता अय्यंगार यांच्या १९८३ च्या 'योग : अ जेम फॉर विमेन'मध्ये गरोदरपणाचा सविस्तर विचार आहे. खुर्ची, तक्या, भिंत यांचा आधार घ्यायची लाज वाटू नये, हे मी अय्यंगार परंपरेकडून शिकले.

फायदा खरंच होतो का? बंगळुरूमध्ये ३३५ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. एक गट रोज तासभर योग करत होता, दुसरा दिवसातून दोनदा अर्धा तास चालत होता. योगाच्या गटात अडीच किलो किंवा त्याहून जास्त वजनाची बाळं अधिक होती, आणि मुदतीआधीच्या कळा कमी. मात्र गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, तेव्हा सगळं श्रेय आसनांना देता येत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत ३५ ते ३७ आठवड्यांच्या २५ निरोगी स्त्रियांकडून २६ आसनं करून घेतली, तेव्हा बाळाच्या ठोक्यांत काही बिघाड दिसला नाही. पाठदुखी, झोप न लागणं आणि भीती यांना उतार पडतो, हे मी रोज बघते. 'नॉर्मल डिलिव्हरीची हमी' अशी पाटी दिसली, की मात्र माझं डोकं फिरतं. अशी हमी कुणी देऊ नये.

व्हिडिओ बघून पाचव्या महिन्यात कपालभाती करणारी एक मुलगी माझ्याकडे आली होती, चक्कर येते म्हणून. कपालभाती, भस्त्रिका, श्वास कोंडणं, पोटावर दाब, उपडं झोपणं, पिळाची आसनं, हे सगळं या दिवसांत बंद. पाचव्या महिन्यानंतर फार वेळ उताणंही झोपायचं नाही. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो, म्हणून शवासन डाव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन. पहिले तीन महिने मी कुणालाच नवीन काही सुरू करू देत नाही. अंगावर लाल गेलं, पाणी गेलं, डोकं सतत दुखलं किंवा बाळ कमी हललं, तर चटई गुंडाळून थेट दवाखाना. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. ती तारीख मी वर्गाच्या फळ्यावर लिहूनच ठेवते.

श्वासाचा सराव नालासोपाऱ्याच्या त्या मुलीने गाडीतच बसवला. नायगाव सुटलं, की खाडीवरचा पूल येतो. खडखडाट बदलतो, खारा वारा आत येतो. पुलावर असेतो चार अंक मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, जबडा सैल. पुलाचाच हिशेब का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, कळही साधारण मिनिटभराची असते, येते आणि उतरते. दुसऱ्या काठापर्यंत पोचायचं, एवढंच.

पुढे तिला सिझर करावं लागलं. मांजरासारखी पाठ वाकवून घेतली आणि मणक्यात सुई दिली, असं तिने चौथ्या दिवशी फोनवर सांगितलं. "घाबरलीस?"

"घाबरले ना. दोनदा पूल ओलांडला मॅडम, तेव्हा कुठे सुई निघाली."