संश्लेषित अभिजात संगीत
संश्लेषित अभिजात संगीत : संश्लेषक म्हणजेच सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनीय साधनाने निर्माण केलेल्या स्वरांतून पूर्वकालीन अभिजात संगीतरचना पुन्हा साकार करणारी ध्वनिमुद्रणे. १९६८ पासून सु. १९८० पर्यंतचा काळ हा या प्रकाराच्या भरभराटीचा काळ होय. हे संगीत यंत्र आपोआप वाजविते, असा समज आढळतो. परंतु या प्रकारातील आरंभीच्या व सर्वांत प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेपुरता तरी तो खरा नाही. तिच्यामागे मानवी हाताचे व कानाचे दीर्घ परिश्रम होते आणि तिचे सांगीतिक मूल्यही त्यांतूनच आले आहे.

साधन : अमेरिकेतील आर. सी. ए. कंपनीचा १९५० नंतरच्या दशकातील संश्लेषक खोलीभर पसरलेला असून त्यास छिद्रित कागदी पट्टीवरून सूचना द्याव्या लागत. रॉबर्ट मोग (१९३४–२००५) यांनी १९६४ मध्ये पुढे आणलेल्या संश्लेषकाचे स्वरूप निराळे होते. त्यातील आंदोलक मूळ स्वरतरंग निर्माण करतो, छानक त्यातील काही उपस्वर गाळून नादगुण ठरवितो आणि विवर्धक स्वराचा उगम, टिकाव व लय यांचे नियमन करतो. या तिन्ही घटकांचे नियंत्रण विद्युत् दाबाने होत असल्याने ते परस्परांस जोडता येतात, तसेच पियानोसारख्या पट्ट्यांवरून वाजविताही येतात. या साधनात दोन मोठ्या उणिवा होत्या. एका वेळी एकच स्वर वाजे आणि तापमानातील फरकामुळे आंदोलक बेसूर होत.

बाखचे संगीत : भौतिकी व संगीत या दोन्ही विषयांचा अभ्यास केलेल्या अमेरिकन संगीतकार वेंडी कार्लोस (जन्म १९३९) यांनी या उणिवांवर बहुमार्गी ध्वनिमुद्रणाच्या आधारे मात केली. निर्मात्या रेचल एल्काइंड यांच्या सहकार्याने त्यांनी योहान सेबास्टिअन बाख (१६८५–१७५०) याच्या निवडक रचना ध्वनिमुद्रित केल्या. प्रत्येक स्वरावली स्वतंत्रपणे, थोड्याथोड्या तुकड्यांनी वाजवायची, मध्येच सूर पुन्हा जुळवायचे, तीवर दुसरी स्वरावली चढवायची व असे थर आठ मार्गांच्या ध्वनिफितीवर रचत जायचे, अशी ही पद्धत होती. १९६८ मध्ये कोलंबिया कंपनीने प्रसिद्ध केलेल्या ‘स्विच्ड-ऑन बाख’ या ध्वनिमुद्रिकेस १९७० मध्ये तीन ग्रॅमी पुरस्कार लाभले. १९८६ मध्ये तिला दहा लाख प्रतींच्या विक्रीचे प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळाले. अभिजात संगीताच्या क्षेत्रात इतका खप क्वचितच आढळतो.

बाखची निवड योगायोगाने झालेली नव्हती. त्याच्या फ्यूगसारख्या रचनांत अनेक स्वतंत्र स्वरावली एकाच वेळी परस्परांत गुंफलेल्या असतात. प्रत्येक स्वरावलीस वेगळा नादगुण दिल्याने त्यांची वीण श्रोत्यास स्पष्टपणे उमगते. एकेक स्वरावली वेगळी वाजविण्याची सक्ती अशा रीतीने गुणात परिणत झाली. तिसऱ्या ब्रांडेनबर्ग कंचर्टोच्या मधल्या भागासाठी बाखने केवळ दोन स्वरमेळ लिहून ठेवले आहेत. तेथे कार्लोस यांनी स्वतःची रचना योजून संश्लेषकास मोकळा वाव दिला.

मतभेद : मूळ वाद्यांचा नाद हाच रचनेचा प्राण असतो, तो काढून घेतल्यास उरतो तो केवळ सांगाडा, असा आक्षेप घेण्यात आला. याउलट, ग्लेन गूल्ड या विख्यात पियानोवादकाने या ध्वनिमुद्रिकेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. येथे बाखची स्वतःची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. व्हिव्हाल्डीचे व्हायोलिनसाठी लिहिलेले कंचर्टो त्याने ऑर्गन व हार्पसिकॉर्ड यांसाठी रूपांतरित केले होते. ‘स्विच्ड-ऑन बाख’मधील पहिलीच रचना, म्हणजे २९ व्या कँटाटाचे प्रास्ताविक, हेदेखील बाखने आपल्याच एकल व्हायोलिनच्या रचनेवरून ऑर्गन व वाद्यवृंद यांसाठी सिद्ध केलेले रूपांतर होय. वाद्यपालट त्याला निषिद्ध नव्हता, हे यावरून दिसते.

तोमिता : जपानी संगीतकार इसाओ तोमिता (१९३२–२०१६) यांनी १९७४ मध्ये देब्युसीच्या पियानोरचना संश्लेषकावर सादर केल्या. देब्युसीच्या संगीतात स्वरांच्या वीणेपेक्षा नादाच्या छटांना अधिक महत्त्व असते. म्हणून तोमितांनी रचनेची वीण उलगडण्यापेक्षा शिटीसारखे, घंटेसारखे व मानवी कंठासारखे नाद योजून मूळ चित्रास नवे रंग दिले. मुसोर्गस्की व होल्स्ट यांच्या रचनाही त्यांनी पुढे सादर केल्या. कार्लोस यांचे कार्य विश्लेषणाचे, तर तोमितांचे रंगलेपनाचे म्हणता येईल.

भारतातील प्रयत्न : अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मोग संश्लेषक बसविण्यात आला, तो मुख्यतः नव्या ध्वनिरचनांसाठी. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांनी १९८२ मध्ये दहा राग संश्लेषकांवर डिस्कोच्या ठेक्यासह ध्वनिमुद्रित केले. ही ध्वनिमुद्रिका त्या काळी उपेक्षित राहिली. २०१० मधील पुनःप्रकाशनानंतर मात्र तिची जगभर चर्चा झाली. रागसंगीत मुख्यतः एका स्वरावलीचे असल्याने एका वेळी एकच स्वर देणारे साधन त्यास अपुरे पडत नाही. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकण्याची सोय संश्लेषकात असल्याने हार्मोनियमवर अशक्य असलेली मींड त्यावर काढता येते.

उत्तरकाळ : १९७८ नंतर अनेक स्वर एकदम देणारे व तयार नाद साठविणारे संश्लेषक प्रचारात आले. १९८३ पासून मिडी या संकेतपद्धतीमुळे वाद्ये व संगणक परस्परांस जोडणे सुलभ झाले. श्रम वाचले, परंतु प्रत्येक स्वराचा नाद स्वतः घडविण्याची गरजही त्याबरोबर संपली आणि या प्रकाराचे नावीन्य ओसरले. २००५ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने ‘स्विच्ड-ऑन बाख’चा समावेश केला. वाद्य बदलले तरी रचनेतील काय टिकते व काय हरवते, याची प्रत्यक्ष कानांनी घेता येणारी परीक्षा म्हणून या ध्वनिमुद्रणांचे महत्त्व कायम आहे.