इंजिनाची बैलजोडी

दोस्तांनो, ग्लासभर पाणी घ्या. त्यात एक स्ट्रॉ उभी धरा. तिचं टोक पाण्याच्या जरासंच वर राहू द्या. आता दुसऱ्या स्ट्रॉनं त्या टोकावरून आडवी, जोरात फुंकर मारा. काय झालं? पाणी वर चढलं अन् फवारा उडाला! फुंकरीनं टोकाशी हवेचा दाब कमी झाला, म्हणून बाहेरच्या हवेनं पाणी वर ढकललं.

पेट्रोल इंजिनावरचा कार्ब्युरेटर हेच करतो. इंजिन हवा ओढतं. ती कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगानं जाते अन् बारीक छिद्रातून पेट्रोल खेचून घेते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते.

मग ताकद वाढवायला भला मोठा कार्ब्युरेटर लावला तर? तिथंच गोम आहे! गळा फार रुंद असला, की इंजिन हळू चालताना हवेचा वेग मंदावतो आणि पेट्रोल नीट खेचलं जात नाही. म्हणून कधी एका मोठ्याऐवजी दोन-तीन लहान बसवतात.

फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीनं १९८३ पासून जपानी यामाहाच्या धर्तीवर बनवलेली 'राजदूत ३५०' अशीच होती. सिलिंडर दोन, म्हणून कार्ब्युरेटरही दोन! तिकडे अमेरिकेत शेवरोलेनं १९५५ साली आठ सिलिंडरचं 'स्मॉल ब्लॉक' इंजिन आणलं. हौशी तरुण जुन्या मोटारींत असली इंजिनं बसवून वेगवान 'हॉट रॉड' गाड्या तयार करत. काही इंजिनांवर तर ओळीनं तीन कार्ब्युरेटर! एरवी मधला एकटाच काम करी. अ‍ॅक्सिलरेटर बराच दाबला, की बाजूचे दोघं मदतीला येत.

पण नुसती संख्या वाढवून भागत नाही बरं! आपल्या विदर्भातला शंकरपट आठवा. एक बैल पुढं अन् दुसरा मागं राहिला, तर छकडा सरळ धावेल का? कार्ब्युरेटरच्या जोडीचंही तसंच. राजदूतच्या दोन्ही कार्ब्युरेटरांच्या झडपा एकाच क्षणी, सारख्याच उघडायला हव्यात. त्यासाठी मेकॅनिक केबल अन् स्क्रू थोडेथोडे फिरवून दोघांचा मेळ बसवतो. दोन्ही सायलेन्सरचा आवाज कान देऊन ऐकतो. मेळ चुकला आणि एका सिलिंडरला पेट्रोल कमी पडलं, तर तिथला पिस्टन भलताच तापतो अन् कधी आतच अडकून बसतो. धावत्या गाडीचं मागचं चाक असं अचानक थांबलं, तर ते जिवावरच बेतायचं!

एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे कडक नियम आले. आता बहुतेक नव्या मोटारसायकलींत पेट्रोलचं माप संगणक ठरवतो. जुन्या जोडीला मात्र अजूनही माणसाचे कान अन् बोटंच लागतात. अशी गाडी गॅरेजात दिसली, तर मेकॅनिककाकांना नक्की विचारा, "काका, दोघांचा मेळ कसा बसवता हो?"