रुळाखालचे कापड आणि पाण्याची वाट

पावसाळ्यात फलाटावर उभे राहून रुळांकडे नीट पाहिले, तर एक दृश्य अनेक ठिकाणी दिसते. दूरवर स्वच्छ करडी खडी आणि मध्येच दोन-चार स्लीपरांभोवती चिखलाचे शिंतोडे. गाडी वरून जाताना तेथील स्लीपर दबतात, चाक पुढे सरकताच उचलले जातात आणि खडीच्या फटींतून गढूळ पाणी उसळते. अभियंते याला ‘मड पंपिंग’ म्हणतात. प्रवाशांना मात्र तो केवळ एक धक्का किंवा त्या टप्प्यावर मंदावलेली गाडी म्हणून जाणवतो.

२० ते ६५ मिलिमीटर आकाराच्या खडीचा थर दोन कामे करतो. गाडीचा भार तो खालच्या मातीवर पसरवतो आणि पावसाचे पाणी वाहून जाऊ देतो. मालगाडीच्या डब्याच्या एका आसावर २२.९ टन भार असू शकतो, म्हणजे चार आसांच्या एका भरलेल्या डब्याचे वजन नव्वद टनांहून अधिक. खालची माती चिकण असेल आणि तिच्यात पाणी मुरले असेल, तर प्रत्येक चाकागणिक खडी मातीत रुतते व माती लगद्याच्या रूपाने खडीत शिरते. अशा जागी भरावात खोलगट खळगे तयार होतात आणि त्यांत पाणी साचून राहते. वरून नवी खडी टाकून रूळ पातळीत आणता येतात, पण खळगा तसाच राहतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. मुंबई-नागपूर मार्ग मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर असा पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीवरून जातो. ही माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. कपाशीला मानवणारा हा गुण रेल्वेच्या भरावाला अजिबात मानवत नाही.

यावर उपाय म्हणून गेल्या काही दशकांत जगभर भूवस्त्र, अर्थात जिओटेक्स्टाइल, वापरात आले. हे नाव १९७७ मध्ये फ्रेंच अभियंता जे. पी. जिरू यांनी रूढ केले. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे तंतू काटेरी सुयांनी एकमेकांत गुंतवून हे जाड, नमद्यासारखे कापड बनते. माती आणि खडी यांच्यामध्ये ते अंथरले की दोन्ही थर मिसळत नाहीत. पाणी आरपार जाते, शिवाय कापडाच्या जाडीतून आडवे वाहून कडेलाही पोहोचते.

येथवर सारे सोपे वाटते. प्रत्यक्षात नुसते कापड अंथरून काम भागत नाही, हे ब्रिटिश रेल्वेच्या अनुभवातून दिसून आले. कारण साधे आहे. कापडाची छिद्रे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतात, तर चिकणमातीचा कण पाचशेव्या हिश्श्याहूनही लहान. चाकांच्या दाबाने पातळ झालेला चिखल त्या छिद्रांतून सहज वर येतो, काही काळाने तीच छिद्रे बुजवतो आणि निचरा करण्यासाठी घातलेले कापड पाणी अडवू लागते. शिवाय धारदार खडी थेट कापडावर टेकली तर ते फाटते.

म्हणून चिकणमातीवर खरी चाळणी असते ती वाळूची. योग्य प्रतवारीच्या वाळूचा थर चिखलाला खालीच रोखतो. कापड त्या थरावर येते, खडी आणि वाळू एकमेकांत मिसळू नयेत एवढ्यासाठी. आपल्याकडे लखनौच्या आरडीएसओने २००३ मध्ये नव्या मार्गांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही दुबळ्या मातीवर एक मीटरपर्यंत जाडीचा भरड मुरूम-वाळूचा थर सांगितला होता. या थराला ‘ब्लँकेट’ म्हणतात. कापड या थराला साथ देते, त्याची जागा घेत नाही. कापडाचे गठ्ठे विकत घेणे सोपे आणि चांगली वाळू मिळवणे अवघड, हे लक्षात घेता हा फरक कागदावर राहून चालत नाही.

दुसरी अट पाण्याच्या वाटेची. भरावाच्या माथ्याला बाहेरच्या बाजूस तीसास एक असा उतार हवा आणि कडेचे गटार मोकळे हवे. गटार तुंबलेले असेल तर कापडाने गोळा केलेले पाणी जाणार कोठे? ते रुळाखालीच थांबते.

नव्या मार्गावर हे सारे भराव घालतानाच साधते. जुन्या, चालू मार्गावर मात्र रूळ उचलून खडी आणि खराब माती काढावी लागते आणि त्यासाठी काही तासांचा ब्लॉक घ्यावा लागतो. मुंबईकरांना रविवारचा मेगाब्लॉक ठाऊक आहे. एवढ्या वेळात किती मीटर काम उरकेल, यावरच खर्चाचे गणित बसते. घाईत कापडाच्या पट्ट्या एकमेकींवर पुरेशा चढवल्या नाहीत तर जोडातूनच चिखल वर येतो. गठ्ठे उन्हात उघडे पडून राहिले तर सूर्यप्रकाशाने तंतू कमजोर होतात. या कापडांच्या चाचण्यांची सोय मुंबईतच, घाटकोपरच्या बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनमध्ये, आहे.

आणखी एक गोष्ट रूळ सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची. साधारण दहा वर्षांनी यंत्राने खडी उपसून, चाळून पुन्हा टाकली जाते. त्या यंत्राची दातेरी साखळी स्लीपरखाली खोलवर फिरते. कापड तिच्या टप्प्यात असेल तर पहिल्याच फेरीत त्याच्या चिंध्या होतात. त्यामुळे ते किती खोलीवर अंथरले आहे, याची नोंद त्या टप्प्याच्या नकाशावर असावी लागते.