तो लाल ठिपका

गेल्या हिवाळ्यात मॉडेलच्या एका प्रदर्शनात विशी-बाविशीचा एक मुलगा माझ्या लिबरेटर बॉम्बफेकी विमानाच्या मॉडेलसमोर उभा राहिला आणि अगदी आदराने म्हणाला, "काका, राउंडेल चुकलंय तुमचं. मधे लाल ठिपका हवा." पुरावा त्याच्या मोबाइलवर होता. बंगालमधली धावपट्टी, निळंशार आभाळ, मागे हिरवी झाडी, उन्हाने तांबूस झालेले गोरे सैनिक आणि विमानाच्या कुशीवर राउंडेल, म्हणजे देशाच्या खुणेचं वर्तुळ, निळं-पांढरं-लाल. तो फोटो मला कृष्णधवल रूपात चांगला ठाऊक आहे. त्यात ते वर्तुळ म्हणजे करड्यावर करडा डाग आहे. ब्रिटिश विमान दिसलं की मधे लाल भरायचं, एवढंच जुने फोटो रंगवणाऱ्या यंत्राला कुणीतरी शिकवलेलं. महायुद्ध संपल्याला ऐंशी वर्षं झाली, त्यानिमित्त असे फोटो रोज येताहेत आणि ज्याच्या-त्याच्या खिशात पुरावा होऊन बसताहेत.

पूर्वेकडच्या आघाडीवर लाल रंगाची भीती होती, कारण जपानी विमानांवर लाल तबकडी असे. घाईत नजरेला लाल दिसलं की बोट ट्रिगरवर जायचं, मग समोर आपलाच माणूस का असेना. म्हणून अमेरिकेने मे १९४२मध्ये आपल्या ताऱ्यातला लाल ठिपका काढून टाकला. ऑस्ट्रेलियाने काढला. भारतातल्या ब्रिटिश विमानांवरूनही तो गेला. नोव्हेंबर १९४३मध्ये माउंटबॅटनच्या हाताखाली आग्नेय आशिया कमांड उभी राहिली, तोवर इथल्या विमानांवर दोन निळ्यांचं छोटं वर्तुळ रूढ होत आलं होतं: बाहेर गडद, आत फिकं. आतला रंग शुद्ध पांढरा नव्हता. पांढरा उन्हात लांबून चमकतो, म्हणून चार भाग पांढऱ्यात एक भाग निळा घालायचा. त्या मिश्रणाला 'इंडिया व्हाइट' म्हणत.

हे सगळं मला लहानपणी माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण पुण्यात वाढलो, आणि लोहगावला सहा नंबरच्या स्क्वाड्रनकडे १९६८च्या अखेरपर्यंत खरीखुरी लिबरेटर विमानं होती. चार इंजिनांचा तो जड, दमलेला आवाज गच्चीवर ऐकू यायचा. ही विमानं कुठून आली ते पुढे कळलं आणि थक्क झालो. युद्धानंतर कानपूरला सोडून दिलेली ही विमानं पुन्हा कुणाच्या उपयोगी पडू नयेत अशा बेताने मोडून ठेवली होती. १९४८मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टने त्यांतली धड उरलेली निवडली, तात्पुरती उडण्याजोगी केली आणि जमशेद मुन्शी यांनी ती एकामागोमाग एक बंगळूरला नेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पाच नंबरचं स्क्वाड्रन त्यांवर उभं राहिलं. पुढे त्यांतली काही ॲरिझोना, ओटावा आणि इंग्लंडच्या संग्रहालयांत गेली. जगात आज लिबरेटर बघायला मिळतं त्यात कानपूरच्या भंगाराचा वाटा मोठा आहे.

सत्तरच्या दशकाबद्दल सांगण्यासारखं थोडंच. किट मिळत नसत, मिळालं तर परवडत नसे, आणि डब्यावरच्या चित्रात जो रंग असेल तो द्यायचा. एअरफिक्सचं लिबरेटर १९६३चं. ते माझ्या हाती आलं पंधराएक वर्षांनी, आगबोटीवर नोकरी करणाऱ्या एका नातेवाइकाच्या पेटीतून, डिकल, म्हणजे चिकटवायच्या छापील खुणा, पिवळी पडलेल्या अवस्थेत. डिकल वापरण्याजोगी नव्हती म्हणूनच मी शोधाला लागलो, हे उघड आहे.

ऐंशीचं दशक मात्र मी पुरतं जगलो. फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीत मायकेल बॉयरचं 'बॉम्बिंग कलर्स' होतं. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुनी परदेशी मासिकं किलोच्या भावाने नाही, पण त्याच तोऱ्यात मिळायची. लंडनच्या संग्रहालयाला एअरमेलने पत्र टाकायचं, सोबत उत्तराच्या टपालाचं कूपन, आणि मग वाट बघायची. एका फोटोच्या प्रतीचे चार-पाच पौंड पाठवायचे तर परकीय चलनाचे फॉर्म भरता भरता उत्साह अर्धा व्हायचा. हंब्रोलच्या २९ आणि ३० नंबरच्या डब्या, म्हणजे मातकट तपकिरी आणि गडद हिरवा, कुणी परदेशातून आणल्या तर सणच. एरवी हार्डवेअरच्या दुकानातला ऑइलपेंट, टर्पेंटाइन, आणि चकाकी मारायला चिमूटभर टाल्कम पावडर. राउंडेल कंपासला रूलिंग पेन लावून हाताने आखायचं. थरथरलं की खरवडून परत.

फोटो वाचायलाही त्याच काळात शिकलो. युद्धातल्या पुष्कळ छायाचित्रांची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक, तांबड्याला आंधळी. तिच्यात लाल आणि पिवळा काळपट उमटतात, निळा फिकट होतो. नेहमीच्या ब्रिटिश राउंडेलची पिवळी कड तिथे काळी दिसते. तेव्हा नुसता गडद-फिका बघून रंग ठरवता येत नाही. फिल्म कुठली, ऊन कुठून, शेजारी ओळखीचा रंग कोणता, हे आधी. मग शेपटीजवळचा अनुक्रमांक, मग तारीख. तारखेवाचून सगळं फुकट. अमेरिकेने जून १९४३मध्ये ताऱ्याला दोन बाजूंना पट्ट्या आणि लाल कड दिली, ऑगस्टमध्ये ती कड निळी करायचा हुकूम काढला. हिरोशिमाला गेलेल्या 'एनोला गे'च्या शेपटीवर त्या दिवशी वर्तुळात आर अक्षर होतं. तिच्या गटाची मूळ खूण वर्तुळातला बाण. शत्रूची दिशाभूल व्हावी म्हणून ती ऑगस्टच्या सुरुवातीला बदलली. जुलैचं विमान करायचं की सहा ऑगस्टचं, हे ठरवल्याशिवाय ब्रश उचलायचा नसतो.

आमच्या बाजूची विमानं तर आणखी अवघड. लिबरेटर अमेरिकेच्या कारखान्यातून वर ऑलिव्ह ड्रॅब, खाली करडा अशा रंगात यायची. बंगालच्या उन्हापावसात तो ऑलिव्ह कधी तपकिरी व्हायचा, कधी चक्क जांभळट. १९४४पासून कारखान्यांनी रंग देणंच थांबवलं, तेव्हा एकाच स्क्वाड्रनमध्ये एक विमान रंगीत तर दुसरं उघड्या पत्र्याचं. शेपटीवर काळ्या-पांढऱ्या खुणा: कुणाचे पट्टे, कुणाची फुली, कुणाचं वर्तुळ. आणि व्हल्टी व्हेंजन्स! भारतीय हवाई दलाच्या सात आणि आठ नंबरच्या स्क्वाड्रननी १९४४मध्ये ब्रह्मदेशाच्या सीमेवर ही बॉम्बफेकी विमानं चालवली. रंगाचा आराखडा ब्रिटिश, पण रंग अमेरिकी कारखान्याने 'जवळपास तसाच' म्हणून दिलेला. हा जवळपासपणा किती, यावर आमच्या मॉडेल करणाऱ्यांच्या मंडळात मैत्र्या तुटल्या.

माझा राग आहे तो साइड व्ह्यूची रंगीत चित्रं काढणाऱ्या विलायती मंडळींवर. यांच्या जाडजूड पुस्तकांत लँकेस्टर विमानाला ऐंशी पानं आणि ब्रह्मदेशाला शेवटी दीड. त्या दीड पानात एकाने अंदाजाने एक विमान रंगवायचं, दुसऱ्याने त्याची नक्कल करायची, तिसऱ्याने दोघांचा हवाला देऊन ते सिद्ध करायचं. अशाच एका चित्राच्या जोरावर आमच्या मॉडेल स्पर्धेच्या परीक्षकाने माझ्या व्हेंजन्सचे गुण कापले होते. फोटो मी पुढे केला तर तो म्हणाला, छापील पुस्तक आहे हो. ते गृहस्थ पुढे पंधरा वर्षं परीक्षक होते.

आणि आठवण येते ती विश्रांतवाडी-येरवड्याकडे राहणाऱ्या निवृत्त फिटर मंडळींची. त्यांतले एक युद्धात बंगालमध्ये होते. मी 'इंडिया व्हाइट'चं प्रमाण विचारलं, तर ते आजोबा कितीतरी वेळ हसत होते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे डब्यात निळा उरला असेल तेवढा पडायचा, आणि संध्याकाळच्या आत चार विमानं संपवायची असत. चौकशी करून मी हुकमातलं प्रमाण आणि त्यांचं प्रमाण दोन्ही वहीत लिहून ठेवलं. तशी माणसं आता नाहीत. त्यांच्या पत्र्याच्या पेट्यांमधले फोटो त्यांच्या मुलांनी घरं बदलताना रद्दीत घातले, हे मी स्वतः दोन घरांत ऐकलंय.

नव्वदनंतर सगळं सोपं झालं. आयात खुली झाली, किट आली, लंडनच्या क्यूमधल्या स्क्वाड्रनच्या रोजनिशा घरबसल्या मागवता येऊ लागल्या. चांगलंच झालं; त्याबद्दल रडत नाही. पण आता बाटलीवरच रंगाचं नाव आणि साल छापलेलं येतं, विकत घेणारा निर्धास्त होतो. काहीजण संग्रहालयातल्या विमानाचे जवळून फोटो काढून आणतात आणि त्यावरून छटा ठरवतात. ब्रिटिश रॉयल एअर फोर्स म्युझियममधलं लिबरेटर आधी त्यांचं, मग आपलं, मग १९७४मध्ये परत त्यांचं झालं. एवढ्या प्रवासात त्यावर किती थर चढले-उतरले असतील? तिथला आजचा रंग युद्धानंतर पुष्कळ वर्षांनी कुणीतरी दिलेला आहे.

आमच्या स्पर्धेच्या अर्जात 'संदर्भ' असा रकाना असे. विमानाचा क्रमांक, महिना, कुठल्या फोटोवरून, काय गृहीत धरलं, हे त्यात लिहायचं. यंदा तो काढला. सचिवांना फोन केला तर म्हणाले, "काका, वाचतं कोण? आणि आजकाल फोटो सगळ्यांकडे असतात." मी वाद घातला नाही. व्हेंजन्स देताना फळीखाली दोन टाइप केलेली पानं चिकटवली. पहिल्या पानावर विमानाचा क्रमांक आणि महिना आहे. दुसऱ्यावर एवढंच, की उजव्या पंखाच्या खालची बाजू एकाही फोटोत दिसत नाही, तिथलं राउंडेल डाव्या पंखावरून उचललं आहे.